मुन्स्टरची उघड्यावरची शिल्पं एका दिवसात सायकलवरून पाहून होतील का?

तुमचा प्रश्न असा: जुलैतल्या एका रविवारी तुम्ही दोघं जर्मनीतल्या मुन्स्टरला जाणार आहात, तर तिथली रस्त्यांवरची आणि तळ्याकाठची शिल्पं सायकलवरून एका दिवसात होतील का? आणि कलेतलं काही कळत नसेल तर जाण्यात अर्थ आहे का?

सगळी होणार नाहीत. पस्तीसहून जास्त आहेत आणि शहरभर विखुरलेली आहेत. सात-आठ मात्र छान होतील, आणि तेवढ्यासाठी जरूर जा. शिकायला म्हणून मी दोन वर्षं तिथे राहिले. पहिल्याच रविवारी नकाशावर खुणा करत वीस शिल्पं उरकली होती, आणि रात्री डोळे मिटले तर एकही नीट आठवेना.

कळत नाही म्हणता, तर ही शिल्पं ज्या प्रदर्शनातून आली ते सुरूच झालं कळत नसलेल्या लोकांसाठी. सत्तरच्या दशकात जॉर्ज रिकी या शिल्पकाराचे वाऱ्यावर फिरणारे तीन धातूचे चौकोन शहरात बसवायचं ठरलं आणि गावात भडका उडाला. या असल्या गोष्टीवर एवढा पैसा कशाला, असं लोक विचारू लागले. तेव्हा तिथल्या संग्रहालयातल्या क्लाउस बुसमान यांनी आधुनिक शिल्पकला म्हणजे काय हे सांगायला व्याख्यानं ठेवली आणि त्यातून १९७७ चं पहिलं प्रदर्शन उभं राहिलं. कास्पर क्योनिग यांनी कलावंतांना बोलावलं, आणि कलावंतांनी शहर पाहून आपापल्या जागा निवडल्या. तेव्हापासून ते दर दहा वर्षांनी उन्हाळ्यात भरतं, पुढचं २०२७ मध्ये. दर खेपेची काही शिल्पं शहर ठेवून घेतं. तुम्ही पाहणार ती हीच.

सायकल स्टेशनपाशीच भाड्याने मिळते. रविवारी परत करायची वेळ आधी विचारून घ्या. जुन्या तटबंदीच्या जागी लिंडेनच्या झाडांखालून शहराभोवती साडेचार किलोमीटरचा रस्ता आहे, प्रोमेनाड. त्यावर मोटारी नाहीत, आणि जुलैतही सावली असते. सिग्नल तोडला तर सायकलवाल्यालाही दंड होतो, वळताना हात दाखवायचा, आणि पादचाऱ्यांच्या बाजूला चाक न्यायचं नाही. पिशवीत रेनकोट हवाच. तिथली म्हणच आहे की मुन्स्टरमध्ये एक तर पाऊस पडतो नाही तर चर्चच्या घंटा वाजतात, आणि दोन्ही एकदम झालं की समजावं आज रविवार.

सुरुवात स्टेशनजवळच्या हार्सेविंकल चौकातून करा. वाळूच्या दगडाचा खांब आणि त्यावर दोन लालभडक चेरी. थॉमस श्युटेंनी १९८७ मध्ये हे केलं तेव्हा तिथे गाड्या उभ्या करायची जागा होती. पाच मिनिटं पुरे.

मग थेट आझे तळं गाठा आणि निम्मा दिवस तिथेच काढा. काठावर क्लेस ओल्डनबर्ग यांचे साडेतीन मीटर व्यासाचे काँक्रीटचे तीन गोळे आहेत. अख्खं शहर म्हणजे बिलियर्डचं टेबल, अशी त्यांची कल्पना. १९७७ मध्ये चिडलेल्या पोरांनी ते तळ्यात ढकलायचा प्रयत्न केला होता, पण गोळे हलले नाहीत. आता सगळं गाव ‘गोळ्यांपाशी भेटू’ म्हणतं. आम्हीही म्हणायचो. हात लावून बघा, संध्याकाळीसुद्धा काँक्रीट गरम लागतं.

पुढे उतारावर डोनाल्ड जड यांची दोन काँक्रीटची वर्तुळं आहेत, एकात एक. पहिल्यांदा मला ती अर्धवट राहिलेल्या टाकीसारखी वाटली. सायकल आडवी टाकून भोवती चालत एक फेरी मारलीत की दिसतं: बाहेरचं कडं उताराबरोबर कलतं, आतलं पाण्यासारखं सपाट राहतं. जमिनीला उतार किती आहे हे मला त्या दिवशी डोळ्यांनी कळलं, त्याआधी फक्त पायांना कळत होतं.

आणि माझं सगळ्यात आवडतं. गवतात एक उंच खांब उभा आहे, वर आडव्या सळ्या, लांबून टीव्हीचा जुना अँटेनाच. सायकलवरून पुढे निघून जाल, मीही अनेकदा गेले. इल्या कबाकोव्ह यांचं हे १९९७ मधलं काम. त्याखाली उताणं पडावं लागतं. मग सळ्यांमध्ये बारीक तारेची अक्षरं दिसू लागतात. मजकूर जर्मन आहे, त्याचा अर्थ साधारण असा: तू गवतात पडला आहेस, आसपास कोणी नाही, फक्त वारा ऐकू येतोय, वर निळ्यात ढग सरकताहेत, आयुष्यात तू केलेल्या आणि पाहिलेल्या गोष्टींत कदाचित हीच सर्वांत सुंदर. घरापासून इतक्या लांब, परीक्षेच्या काळजीत असताना मी ते वाचलं आणि बराच वेळ उठले नाही. आकाश निळं असेल तेव्हाच जा, राखाडी ढगांत अक्षरं हरवतात.

उत्तरेला प्रोमेनाडलगत निकोल आयझेनमन यांचं कारंजं आहे, भोवती ऐसपैस बसलेल्या, पहुडलेल्या आकृत्या. २०१७ च्या प्रदर्शनात यातल्या एका प्लास्टरच्या आकृतीचं डोकं कोणीतरी तोडून नेलं. मी तेव्हा तिथेच होते, फार वाईट वाटलं होतं. नंतर गावकऱ्यांनी वर्गणी काढली आणि कारंजं कायमचं परत आणलं. पन्नास वर्षांपूर्वी याच गावाने पैसा कशाला म्हणून विचारलं होतं.

ब्रूस नाउमन यांचा पंचवीस मीटरचा, उलट्या पिरॅमिडसारखा खोलगट चौक विद्यापीठाच्या विज्ञान विभागापाशी आहे. कल्पना १९७७ ची, बांधला २००७ मध्ये. पांढरं काँक्रीट दुपारी डोळ्यांवर येतं, म्हणून ऊन उतरल्यावर जा आणि मधोमध उभे राहा. चहूबाजूंनी जमीन वर चढत जाते, आणि इतक्या मोकळ्या जागेतही अंगावर एकटेपण येतं.

शक्य असेल तर परतीची शेवटची गाडी पकडा, आधीची नको. लाम्बर्टी चर्चच्या मनोऱ्यावर तीन लोखंडी पिंजरे टांगलेले आहेत. १५३६ मध्ये बंडखोर पंथाच्या तीन पुढाऱ्यांना हाल करून मारलं आणि त्यांची प्रेतं त्यात ठेवली. १९८७ मध्ये लोथार बाउमगार्टन यांनी प्रत्येक पिंजऱ्यात एक मंद दिवा लावला. जुलैत पुरता अंधार व्हायला दहा वाजून जातात. सायकल परत करून चालत या आणि चर्चसमोर उभे राहा. दिवे इतके लहान आहेत की आधी काहीच दिसत नाही.