गोवा यादीतून काढा, रत्नागिरीपर्यंतच जा

भाऊ, तुमचा बेत असा दिसतोय: आर्णीहून स्वतःची गाडी, दोघंच जण, नऊ दिवस हातात. रायगडपासून गोव्यापर्यंत समुद्राच्या कडेकडेनं जायचं आणि मुक्काम लहान गावांत करायचे. वहिनींनी समुद्र अजून पाहिलेला नाही, हेही तुम्ही लिहिलंय. म्हणूनच सांगते, गोवा यादीतून काढा. रत्नागिरीपर्यंत जा आणि तिथून घरी वळा.

आपल्याकडे आर्णी ते यवतमाळ किती वेळ लागेल, ते किलोमीटर पाहून सांगता येतं. कोकणात तसं नाही, दर थोड्या अंतरावर खाडी आडवी येते, म्हणून नऊ दिवसांत गोव्यापर्यंत गेलात तर नुसती धावपळ होईल. समोरचं गाव डोळ्यांना दिसतं, पण गाडीनं जायचं तर वर चिपळूणसारख्या ठिकाणापर्यंत जाऊन पलीकडून परत खाली उतरावं लागतं. त्याला उपाय म्हणजे फेरीबोट. गाडीसकट चढायचं, दहा-पंधरा मिनिटांत पलीकडे. आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेशवी, दाभोळ ते धोपावे आणि तवसाळ ते जयगड, या चार फेऱ्या धरून प्रवास आखा. दिवसाला एक खाडी ओलांडली तरी पुष्कळ झालं. मला विचाराल तर सहलीची खरी मजा या फेऱ्यांतच आहे. शेवटची फेरी किती वाजता सुटते ते मुक्कामाच्या घरी आदल्या रात्री विचारून घ्या.

जाताना दारव्ह्यावरून कारंजा गाठा आणि समृद्धीला लागा. ५ जून २०२५ पासून हा रस्ता थेट भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत खुला आहे. एकूण ७०१ किलोमीटर, त्यातले पाचशेच्या वर तुमच्या वाट्याला. रात्री निघू नका. सरळ रस्त्यावर डोळा कधी लागतो कळत नाही, म्हणून तासा-दीड तासानं चालवणारा बदला. वहिनी चालवत असतील तर उत्तमच. टायर जुने असतील तर आधी बदला. तापलेल्या काँक्रीटवर १२०च्या वेगानं तेच आधी दगा देतात. पहिली रात्र पनवेल किंवा पेणला काढा.

दुसऱ्या दिवशी दिघीला उतरून श्रीवर्धन किंवा दिवेआगर. श्रीवर्धन हे पेशवे बाळाजी विश्वनाथ भटांचं गाव. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा खडकांवरून आहे, ती ओहोटीतच करायची. भरतीत तिथे माणसं वाहून गेलेली आहेत.

भरती-ओहोटीसाठी मोबाइल लागत नाही, कालनिर्णय पुरतं. तिथीची पाऊणपट करा, ती भरतीची वेळ. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास भरती आणि बाराच्या आसपास ओहोटी. शुक्ल पक्ष असो की वद्य, हिशेब तोच. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण कामापुरतं बरोबर येतं. पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारच्या जवळ येते आणि पाणीही जास्त चढतं. त्या दिवसांत ओहोटीही खोल असते, फेरीबोट कधीकधी खोळंबते.

तिसरी आणि चौथी रात्र केळशी किंवा आंजर्ल्याला. हे मी कुणालाही कापू देत नाही. आंजर्ल्याला कड्यावरचा गणपती आहे, पण तुम्ही शेतकरी माणसं, तुम्हाला खरं आवडेल ते हर्णै बंदर. दुपार कलली की मासळीचा लिलाव सुरू होतो. होड्या थेट काठाला लागत नाहीत, म्हणून माल आणायला बैलगाड्या पाण्यात उतरतात. बैल पोटापर्यंत समुद्रात उभे पाहून आपल्या माणसाला काय वाटतं, ते तिथेच कळेल. बाकी बोली लावणं, नाकं मुरडणं, दर पाडणं सगळं आपल्या बाजार समितीसारखंच. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग. फेब्रुवारी-मार्चमध्ये जाणार असाल तर वेळासला सकाळी लवकर किंवा संध्याकाळी पोहोचा. कासवांची पिल्लं तेव्हा समुद्रात सोडतात. ती रोज निघतीलच असं नाही.

मग दाभोळची फेरी आणि दोन रात्री गुहागर-वेळणेश्वरकडे. हेदवीला बामणघळ आहे, खडकातली अरुंद भेग. भरतीचं पाणी आत घुसलं की कारंज्यासारखं वर उडतं, म्हणून तिथे भरती गाठायची, पण काठापासून लांब उभं राहून. पुढे जयगडला उतरून गणपतीपुळे आणि रत्नागिरी, एक रात्र. पुळ्याच्या समुद्रात पोहायला जाऊ नका, गुडघाभर पाणी बस. पैनगंगेत पोहणाऱ्यांनाच जास्त सांगावं लागतं. परतीची लाट पायाखालची वाळू ओढते. आणि गाडी वाळूत घालू नका, कुणी कितीही आग्रह केला तरी. घरी आल्यावर खालून गोड्या पाण्यानं धुऊन घ्या, खारट हवा पत्रा खाते.

जेवणाचं थोडं वेगळं आहे. लहान गावांत घरगुती खाणावळी असतात, किती माणसं आणि काय हवं ते काही तास आधी कळवावं लागतं. दीड वाजता अचानक दार वाजवलं तर उपाशी राहाल. बऱ्याच घरांत फक्त शाकाहारी मिळतं. मासे खाणार असाल तर खोली ठरवतानाच विचारा. नारळाच्या आमटीला आपल्यासारखा झणका नसतो. ठेच्याची बाटली सोबत असू द्या.

परतताना मुंबईकडे जाऊच नका. रत्नागिरीहून आंबा घाटानं कोल्हापूर, मग सांगली, सोलापूर, आणि आठवी रात्र तुळजापूरला, भवानीचं दर्शन घेऊन. नवव्या दिवशी लातूर, नांदेड, महागाव. हाच नागपूर-तुळजापूर रस्ता तुमच्या आर्णीतून जातो, वाट विचारायची गरज नाही.

तारीख मात्र नीट धरा. तूर घरात आली आणि हरभरा काढून झाला की निघा, पण होळीचा आठवडा टाळा. शिमग्याला मुंबईचे चाकरमानी गावी येतात, खोल्या मिळत नाहीत. पालख्या पाहायच्याच असतील तर खोल्या महिनाभर आधी ठरवा. दिवस ठरले की तिथ्या पाहून इथे लिहा, कोणती फेरी कधी गाठायची ते मांडून देते.