कॉलेज बघायचं तर आमंत्रणाशिवाय

तासगावजवळच्या एका द्राक्ष बागायतदारांचं पत्र आलंय. लेक बारावी सायन्सला आहे, सीईटी देऊन मेकॅनिकलला जायचं म्हणते. पुण्याचं एक खासगी विद्यापीठ पालकांना मोफत बसने कॅम्पस दाखवायला नेतंय, जेवणासकट. ते विचारतात, 'जावं का? की निकाल लागल्यावरच काय ती कॉलेजं बघावीत?'

नमस्कार,

बसने खुशाल जा, जेवून या. पण तो कांदेपोह्यांचा कार्यक्रम आहे, एवढं ध्यानात असू द्या. त्या दिवशी घर झाडलेलंच असतं. 'आजच सीट बुक करा' म्हणून पैसे मागितले तर खिशात हात घालू नका. खासगी विद्यापीठांचे बरेचसे प्रवेश सीईटी सेलच्या (राज्याचं प्रवेश परीक्षा आणि जागावाटप बघणारं कार्यालय) फेऱ्यांतून होत नाहीत, ते आपापले भरतात. घाई त्यांना असते, तुम्हाला नाही.

खरं बघणं निकालानंतर होत नाही. तेव्हा वरच्या वर्गांच्या परीक्षा नाहीतर सुट्ट्या चालू असतात. तुम्हाला रिकामी बाकं दिसतील आणि प्रवेशाच्या टेबलावरचे हसरे चेहरे. तासगावच्या गणपतीचा रथ ओढून झाला की, ऑक्टोबर छाटणी अंगावर यायच्या आत, एखादा मंगळवार-बुधवार काढा. तेव्हा सेमिस्टर भरात असतं.

पहिला दिवस सांगलीच्या विश्रामबागेत. वालचंद कॉलेज 1947 पासून तिथं आहे. दुसऱ्या दिवशी कऱ्हाडचं शासकीय अभियांत्रिकी, 1960 चं. तिथंच प्रवेश घ्या असं म्हणत नाही (आणि मार्कांचं काय ते मार्कच ठरवतील), पण दोन्ही जवळ आहेत आणि डोळ्याला एक माप मिळतं. मग पुण्याच्या काचेच्या इमारती बघून दिपायला होत नाही.

गेटवर प्रवेशाची चौकशी म्हणून सांगा, आधार कार्ड जवळ ठेवा. लेक मेकॅनिकल म्हणते ना, मग विभागप्रमुखांना विचारून थेट वर्कशॉपमध्ये जा. मागे एका विद्यार्थ्याबरोबर मी एका कॉलेजात गेलो होतो. लेथ (लोखंड कातायची मशीन) नव्याकोऱ्या, हँडलवरचं प्लॅस्टिकही काढलेलं नव्हतं, भिंतीवर मात्र 'अत्याधुनिक कार्यशाळा'. त्याच आठवड्यात दुसरीकडे गेलो. मशीनचा रंग उडालेला, पण खाली ताज्या लोखंडाचा कीस, कूलंटचा वास, आणि अ‍ॅप्रन काळे करून घेतलेली पोरं व्हर्नियर लावून जॉब, म्हणजे घडवलेला तुकडा, मोजत उभी. त्या मुलानं मला काही विचारलंच नाही.

कॅन्टीनमध्ये लेकीला एकटीला बसू द्या. तिथं बाप शेजारी असला की पोरं 'सगळं छान आहे काका' एवढंच बोलतात. तिनं थर्ड इयरच्या मुलींना विचारावं: प्रॅक्टिकल खरंच होतं की जर्नल नुसतं उतरवून काढतात? मेकॅनिकलच्या वर्गातल्या किती जणांना नोकरी लागली, आणि ती मेकॅनिकलचीच का? बोर्डावरचं 'सर्वाधिक पॅकेज' एका पोराचं असतं.

एनबीएचं (तांत्रिक अभ्यासक्रम तपासणारी संस्था) मानांकन आहे म्हणाले, तर कोणत्या शाखेला ते विचारा. ते शाखेला मिळतं, अख्ख्या कॉलेजला नव्हे. नॅक ही कॉलेजं-विद्यापीठं तपासणारी संस्था, तिची श्रेणी असते ती अख्ख्या संस्थेची. माहितीपत्रकात दोन्ही एकाच ओळीत छापतात, तिथं माणूस फसतो.

होस्टेल बघायला वहिनींना घेऊन जा. तुम्ही खोली बघाल, त्या पाणी किती वाजता येतं ते विचारतील. स्टँडवरून होस्टेलपर्यंतचा रस्ता संध्याकाळी सातला चालून बघा.

हे सगळं आत्ताच का, तर पुढं ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेजांचा पसंतीक्रम, भरायला मोजके दिवस मिळतात, आणि पहिल्या फेरीत पहिला पर्याय लागला तर तो घ्यावाच लागतो, पुढच्या फेरीत जाता येत नाही. नेट कॅफेवाल्याला 'तुम्हीच टाका क्रम' म्हणणारे पालक मी दरवर्षी बघतो.

परतताना एसटीत तिला आधी बोलू द्या. तुमचं मत तासगाव आल्यावर सांगा.