सवलतीतला तयार गेमिंग पीसी घ्यावा, की भाग आणून जोडावा?

प्रश्न : मुलगा एसजीएसआयटीएस या इंजिनिअरिंग कॉलेजात पहिल्या वर्षाला आहे. गेम्ससाठी आणि ब्लेंडर हे थ्रीडीचं सॉफ्टवेअर शिकायला त्याला डेस्कटॉप हवाय. ऑनलाइन एक तयार पीसी ८९,९९० वरून ६४,९९० ला, म्हणजे २८ टक्के सवलतीत दिसतोय. त्यात आय५-१२४००एफ प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्ड, ५०० वॅटचा पॉवर सप्लाय, विंडोज ११ आणि एक वर्षाची वॉरंटी आहे. सिल्व्हर मॉलमधल्या एका दुकानदाराने साधारण याच भागांचं कोटेशन विंडोजशिवाय ६६,४०० दिलं. मुलगा म्हणतो भाग आणून जोडू, त्याचे बाबा म्हणतात तयार घ्या. कोणाचं ऐकू?
— एक वाचक, सुदामा नगर, इंदूर

उत्तर : आधी ते ८९,९९० विसरा. छापलेल्या किमतीतून किती कमी केले याला अर्थ नाही. तेच भाग आज सुटे घेतले तर किती पडतात, तेवढाच आकडा खरा. तो तुम्ही काढून आणलात हे फार बरं झालं. त्या हिशोबाने सवलत २८ टक्के नाही, जेमतेम चौदाशे रुपये आणि वर विंडोज, एवढीच आहे.

ही किंमत का उतरली तेही बघा. आय५-१२४००एफ हा प्रोसेसर जानेवारी २०२२चा आणि आरटीएक्स ४०६० जून २०२३चं. मे २०२५मध्ये आरटीएक्स ५०६० आल्यापासून ४०६०चा साठा काढायची विक्रेत्यांना घाई आहे. म्हणून माल वाईट ठरत नाही. १०८० पिक्सेलच्या मॉनिटरवर ही जोडी आजही चांगली चालते, आणि ब्लेंडरच्या सायकल्स रेंडरिंगला, म्हणजे थ्रीडी दृश्याचं अंतिम चित्र बनवायला, एनव्हिडियाचं (आरटीएक्स बनवणाऱ्या कंपनीचं) कार्ड सोयीचंच. फक्त ५०६०चा पीसी चार-पाच हजारांच्या फरकाने मिळत असेल तर तोच घ्या. दोन्ही कार्डांची स्वतःची मेमरी ८ जीबीच आहे, पण ५०६० वेगवान आहे आणि त्याच्या ड्रायव्हरला पुढे जास्त वर्षं अपडेट मिळतील.

दुसऱ्या बाजूने, सध्या तयार पीसी खरोखरच स्वस्त पडू शकतो. २०२५च्या शेवटापासून रॅमचे भाव खूप चढले, कारण मेमरी बनवणाऱ्या कंपन्यांचा माल एआयच्या डेटा सेंटरकडे वळला. मायक्रॉनने डिसेंबर २०२५मध्ये क्रुशल हा सामान्य ग्राहकांसाठीचा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. एसएसडीही त्याच लाटेत महागल्या. ज्या विक्रेत्याकडे आधीच्या भावाने भरलेला माल आहे त्याचा तयार पीसी आजच्या सुट्या भागांपेक्षा कमीत बसतो. ‘स्वतः जोडलं की स्वस्तच’ हा जुना हिशोब आज डोळे मिटून धरता येत नाही.

आता जाहिरातीत काय लिहिलेलं नाही ते बघू. निर्णय तिथेच आहे. पॉवर सप्लायची कंपनी आणि मॉडेल, मदरबोर्डचं मॉडेल, आणि रॅमच्या पट्ट्या किती, या तीन गोष्टी विक्रेत्याकडून ईमेलवर लेखी मागवा.

पॉवर सप्लायपासून सुरुवात करा. ५०० वॅट हा आकडा इथे कमी नाही. ४०६० जास्तीत जास्त ११५ वॅट घेतं, १२४००एफ पूर्ण जोरात ११७ वॅटपर्यंत जातो, आणि बाकी सगळं धरूनही पीसी ३०० वॅटच्या आत राहतो. प्रश्न दर्जाचा आहे. बिननावाच्या सप्लायच्या डब्यावर ५०० लिहिलेलं असतं, पण १२ व्होल्टच्या लाइनवर तेवढं मिळत नाही. ओव्हरकरंट आणि शॉर्टसर्किटचं संरक्षणही कित्येकदा नसतं. मग नेमका गेम रंगात आला की पीसी आपोआप रीस्टार्ट होतो, घरचे विंडोज पुन्हा टाकत बसतात, आणि एखाद्या दिवशी सप्लाय जळताना बोर्डलाही सोबत नेतो. सप्लायच्या बाजूला चिकटवलेल्या तक्त्याचा फोटो मागवा. त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात एकूण वॅटच्या जवळ जाणारा आकडा हवा, ५५० वॅटच्या सप्लायवर साधारण ५०० किंवा जास्त. ‘८० प्लस ब्राँझ’ ही खूण असावी, पण ती वीज किती वाया जाते एवढंच सांगते. संरक्षणाची खात्री कंपनी आणि मॉडेलवरूनच होते.

मदरबोर्ड बहुधा एच६१० या साध्या चिपसेटचा असेल. चालेल. त्यात रॅमचे दोनच स्लॉट असतात आणि एम.२, म्हणजे थेट बोर्डात बसणारी, एसएसडी पीसीआयई ३.० च्या जुन्या, कमी वेगाने चालते, पण गेम खेळताना हा फरक जाणवत नाही. बोर्ड प्रमाण आकाराचा आणि २४ पिनच्या कनेक्टरचा आहे का, ते मात्र नीट बघा. काही मोठ्या ब्रँडच्या टॉवरमध्ये बोर्ड त्यांच्याच मापाचा आणि पॉवरचा कनेक्टर त्यांच्याच घाटाचा असतो. चार वर्षांनी बोर्ड किंवा सप्लाय गेला तर बाजारातला बसत नाही, आणि कंपनीचा सुटा भाग मिळालाच तर महागात मिळतो. बोर्डाच्या कडेला रॅमजवळ दोन ओळींचा रुंद कनेक्टर फोटोत दिसला की काळजी नाही.

रॅम ‘१६ जीबी’ म्हणजे बहुतेक वेळा १६ची एकच पट्टी. एकाच पट्टीवर प्रोसेसरला मेमरीचा निम्मा रस्ता मिळतो. व्हॅलोरंटसारख्या, प्रोसेसरवर चालणाऱ्या गेममध्ये फ्रेम्स कमी होतात आणि मधेच झटके बसतात. ऑर्डर देतानाच ‘८ अधिक ८’ मागा. रॅम महाग असताना नंतर दुसरी पट्टी घेणं परवडायचं नाही.

तिन्ही उत्तरं समाधानकारक आली तर तयार पीसी घ्या. तुमच्या बाबतीत बाबांचं म्हणणं बरोबर ठरेल. पॉवर सप्लायचं नाव सांगायला टाळाटाळ झाली तर चांगल्या ५५० वॅटच्या सप्लायची आजची किंमत ६४,९९० मध्ये मिळवा आणि मग ६६,४०० शी तुलना करा. झाकण उघडून सप्लाय बदलला तर वॉरंटी राहते का, हेही लेखी विचारा. बोर्ड कंपनीच्या खास मापाचा निघाला तर तो पीसी सोडून द्या, कितीही सवलत असली तरी.

वॉरंटीचा फरक लोक हलक्यात घेतात. तयार पीसीला सगळं मिळून एक वर्ष आहे. सुट्या भागांत डबाबंद प्रोसेसरला तीन वर्षं, ग्राफिक्स कार्डला बहुधा तीन, चांगल्या एसएसडीला पाच. अट एकच, जीएसटीचं बिल हवं आणि त्यावर प्रत्येक भागाचा सीरियल नंबर हवा. ‘बिल नको असेल तर अमुक कमी करतो’ याला भुलू नका. प्रोसेसर ‘ट्रे’चा, म्हणजे बिनडब्याचा, दिला तर तीन वर्षांची वॉरंटी मिळत नाही आणि पंखाही येत नाही. कोटेशनमध्ये हा शब्द शोधा.

विंडोजची किंमत हिशोबात धरा, पण तयार पीसीसोबत येणारं लायसन्स त्या मदरबोर्डला बांधलेलं असतं, पुढच्या पीसीवर नेता येत नाही. ऑनलाइन पाच-सातशे रुपयांत मिळणाऱ्या ‘की’ अधिकृत नसतात. तो पैसा वाया घालवू नका.

घेतलाच तर खोकं उघडताना व्हिडिओ काढा. झाकण उघडायची परवानगी असेल तर पहिल्यांदा चालू करण्याआधी बाजूचं पॅनेल काढा. कुरिअरमध्ये कार्ड हलू नये म्हणून कित्येक विक्रेते आत फोमची पिशवी भरतात. ती तशीच राहिली तर पंखे अडकतात. कार्ड आणि रॅम स्लॉटमध्ये नीट बसलेत ना, हे हलकेच दाबून बघा. मग दोन तास एखादा जड गेम चालवून एचडब्ल्यूइन्फो या प्रोग्राममध्ये तापमान बघा. परत करायच्या मुदतीत हे झालं पाहिजे, परीक्षेनंतर नाही.

प्रश्न : रायझन ५ ७६०० प्रोसेसर, बी६५० बोर्ड आणि डीडीआर५ रॅम आणली आहे. पहिल्यांदाच जोडतोय. हमखास कुठे चुकतं?
— एक विद्यार्थी, तिलक नगर, इंदूर

उत्तर : तुझ्या प्रोसेसरला पिना नाहीत, त्या बोर्डाच्या सॉकेटमध्ये आहेत आणि केसाइतक्या नाजूक. सॉकेटवरचं काळं प्लॅस्टिकचं झाकण आधी काढू नकोस. प्रोसेसरच्या कोपऱ्यावरचा सोनेरी त्रिकोण सॉकेटच्या त्रिकोणाशी जुळव, वरून सोड, दाबू नकोस, आणि दांडी खाली आण. दांडीला बराच जोर लागतो, त्याने घाबरायचं नाही. ती बसताना झाकण आपोआप उडतं. ते जपून ठेव, वॉरंटीत बोर्ड परत करताना लागतं.

डब्यातल्या रेथ स्टेल्थ कूलरला पेस्ट लावलेलीच असते, वरून आणखी लावू नकोस. हा कूलर स्क्रूचा आहे, म्हणून आधी बोर्डावरच्या प्लॅस्टिकच्या दोन पट्ट्या काढाव्या लागतात. चारही स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे फिरव. एकच पूर्ण आवळला तर कूलर तिरपा बसतो आणि प्रोसेसर तापतो.

बोर्ड केसमध्ये ठेवण्याआधी खालचे पितळी स्टँडऑफ, म्हणजे बोर्ड ज्यावर टेकतो ते खुंट, मोज. बोर्डाला जिथे भोक नाही तिथे स्टँडऑफ राहिला तर बोर्डाच्या पाठीला टेकून शॉर्ट होतो, आणि बटण दाबल्यावर पंखा क्षणभर फिरून थांबतो.

रॅमच्या दोन पट्ट्या प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये. प्रोसेसरची आठ पिनची केबल चार-चारमध्ये तुटते, ग्राफिक्स कार्डाची सहा-दोनमध्ये. दिसायला सारख्या, पण आतली जोडणी उलट असते. बसत नसेल तर जबरदस्ती करू नकोस. मॉड्युलर, म्हणजे केबल सुट्या होणारा, सप्लाय असेल तर जुन्या सप्लायच्या केबल नव्याला लावायच्या नाहीत, कंपनी तीच असली तरी.

सगळ्यात जास्त लोक फसतात ते पहिल्यांदा चालू करताना. तुझ्यासारख्या एएम५ सॉकेटच्या बोर्डावर डीडीआर५ रॅमची पहिली जुळणी चालू असताना पडदा कित्येक मिनिटं काळा राहतो. दोन मिनिटांत काही दिसत नाही म्हणून बंद केलं की ती जुळणी पुन्हा पहिल्यापासून. दहा-पंधरा मिनिटं वाट बघ. मॉनिटरची केबल बोर्डात नाही, ग्राफिक्स कार्डात लाव. पडदा दिसला की बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, एक्स्पो (रॅम पूर्ण वेगाने चालवायची सोय) चालू कर, नाहीतर ६०००ची रॅम ४८००वरच चालेल. आणि मॉनिटर १४४ हर्ट्झचा असला तरी विंडोज बहुधा ६०वर ठेवतं, ते सेटिंगमध्ये जाऊन बदल.

जागेबद्दलही सांगतो. आपल्याकडे मेमध्ये बाहेर ४०-४२ अंश आणि खोलीत ३५ सहज असतं. खोली जेवढे अंश तापते, प्रोसेसर साधारण तेवढाच वर सरकतो. त्यामुळे पुढून काचेने बंद असलेली केस घेऊ नकोस. जाळीचं तोंड, पुढे दोन पंखे हवा आत घ्यायला आणि मागे एक बाहेर टाकायला, एवढं पुरे. डेझर्ट कूलरच्या थेट झोतात मात्र पीसी ठेवू नकोस. त्या दमट हवेने धूळ आत चिकटून बसते, ब्रशने निघत नाही.

प्रश्न : पावसाळ्यात लाइट येते-जाते. घरी इन्व्हर्टर आहे. गेमिंग पीसीला वेगळा यूपीएस हवाच का?
— एक वाचक, लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर : इन्व्हर्टर साइन वेव्हचा आहे का बघा. स्क्वेअर वेव्हच्या इन्व्हर्टरवर गेमिंग पीसी लावू नका. साइन वेव्हचा असेल तर त्याच्या मागे यूपीएस मोडचा खटका असतो, तो चालू करा. चांगला पॉवर सप्लाय वीज गेल्यावर साधारण १६ मिलिसेकंद तग धरतो, इन्व्हर्टरने त्याच्या आत बदल केला तर पीसी बंद पडत नाही. इको मोडवर हा बदल उशिरा होतो आणि पीसी जातो. खटका लावूनही दोन-तीनदा बंद पडला तर यूपीएस घ्याच.

दुकानात ६०० व्हीएचा यूपीएस पुढे करतील. तो बहुधा ३६० वॅटचाच असतो. ४०६०चा पीसी आणि मॉनिटर मिळून खेळताना अडीचशेच्या पुढे जातात, म्हणजे हातात दोन-तीन मिनिटं उरतात आणि बॅटरी थोडी जुनी झाली की तीही नाहीत. १००० व्हीए, ६०० वॅटचा घ्या. काम सेव्ह करून नीट बंद करण्यापुरता तो पुरतो, गेम संपवण्यासाठी नाही. लेझर प्रिंटर त्यावर लावू नका. बॅटरी दोन-तीन वर्षांनी बदलावी लागते.

राजवाड्याच्या आसपासच्या जुन्या घरांत अर्थिंग नावालाच असतं. केसच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर इलेक्ट्रिशियनकडून न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज मोजून घ्या. दोन-तीन व्होल्टच्या आत ठीक. जास्त आलं तर आधी ते दुरुस्त करा, नव्या यूपीएसने हा दोष जात नाही.

प्रश्न : बजेट कमी आहे. आत्ता आय५-१२४००एफ घेऊन ग्राफिक्स कार्ड दिवाळीला घेतलं तर?
— एक वाचक, रामचंद्र नगर, इंदूर

उत्तर : मग दिवाळीपर्यंत पडदा काळाच राहील. इंटेलच्या नावातला ‘एफ’ म्हणजे आत ग्राफिक्स नाही. साधा आय५-१२४०० घ्या किंवा रायझन ५ ७६००, दोघांत अभ्यासापुरतं आणि हलक्या गेमपुरतं ग्राफिक्स आहे. रायझन ५ ५६०० मध्ये ते नाही, नावात एफ नसला तरी. ५६००जी मध्ये आहे. पॉवर सप्लाय मात्र पुढच्या कार्डाच्या हिशोबाने आत्ताच ५५० वॅटचा, ग्राफिक्स कार्डाच्या आठ पिनच्या पीसीआयई केबलसह घ्या, म्हणजे दिवाळीत फक्त कार्डाचेच पैसे द्यावे लागतील.