हॉजकिन लिम्फोमाची सुरुवात कोणत्या पेशीपासून होते, हे एकेका पेशीच्या डीएनएवरून कसं शोधतात?

तुमचा प्रश्न दुहेरी आहे. हॉजकिन लिम्फोमा हा लिम्फ नोडचा कॅन्सर. त्याच्या गाठीतल्या बहुतेक पेशी निरोगी असताना कॅन्सरची पेशी मुळात बी होती की टी (पांढऱ्या पेशींचे दोन प्रकार, त्यातल्या बी पेशी अँटीबॉडी बनवतात), हे कसं ठरवतात? आणि आता सरळ सिंगल-सेल आरएनए सिक्वेन्सिंग, म्हणजे एकेका पेशीत कोणती जनुकं वाचली जाताहेत ते बघणं, केलं तर भागेल का? हॉजकिनपुरतं सांगायचं तर नुसत्या आरएनएवर भागत नाही.

बी पेशी अस्थिमज्जेत तयार होताना व्ही, डी आणि जे या तुकड्यांतून एकेक निवडून अँटीबॉडीचं जनुक जोडते. जोडताना काही बेस गळतात, काही नवे घुसतात. त्यामुळे तो सांधा, म्हणजे सीडीआर-३ चा भाग, जवळपास प्रत्येक नव्या बी पेशीत वेगळा निघतो. पुढे पेशीचं रूप ओळखू न येण्याइतकं बदललं तरी डीएनएतला सांधा तिच्या वंशात तसाच उतरतो. नंतर लिम्फ नोडच्या जर्मिनल सेंटरमध्ये, म्हणजे जिथे बी पेशींची अँटीबॉडी घासूनपुसून सुधारली जाते तिथे, याच जनुकात म्युटेशन साचतात. म्हणून सांध्यावरून वंश कळतो आणि म्युटेशनवरून पेशी कोणत्या टप्प्यापर्यंत पोचली होती ते कळतं.

अडचण प्रमाणाची आहे. हॉजकिन-रीड-स्टर्नबर्ग पेशी, म्हणजे इथल्या खऱ्या कॅन्सरपेशी, गाठीत साधारण १ टक्का असतात. अख्ख्या बायोप्सीचा डीएनए काढला तर त्यांचा सांधा बाकीच्या बी पेशींच्या गर्दीत बुडतो. १९९४ साली जर्मनीत कलोन शहरात राल्फ कुपर्स, क्लाउस रायेव्स्की, मार्टिन-लिओ हान्समान आणि सहकाऱ्यांनी या पेशी गव्हातले खडे निवडावेत तशा एकेक करून सेक्शनमधून, म्हणजे गाठीच्या पातळ कापातून, उचलल्या आणि प्रत्येकीचा पीसीआर केला, म्हणजे डीएनएचा हवा तो तुकडा अनेक पटींनी वाढवला.

पद्धत थोडक्यात अशी. ५ ते १० मायक्रॉनचं फ्रोझन सेक्शन घ्यायचं, सीडी-३० ने (या कॅन्सरपेशींवरची खूण असलेलं प्रथिन) रंगवायचं. मायक्रोमॅनिप्युलेटरला लावलेल्या काचेच्या बारीक पिपेटने एक पेशी सोडवून थेट पीसीआर बफरच्या ट्यूबमध्ये सोडायची. प्रोटिनेज के (प्रथिनं तोडणारं एन्झाइम) घालून ५० अंशांवर तासभर, मग एन्झाइम मारायला ९५ अंशांवर १० मिनिटं. पहिल्या फेरीत जड साखळीच्या व्ही तुकड्यांच्या (व्हीएच) सगळ्या कुटुंबांचे प्रायमर, म्हणजे पीसीआर कुठून सुरू करायचा ते ठरवणारे डीएनएचे छोटे तुकडे, एकत्र. दुसऱ्या फेरीत त्यातला १ मायक्रोलिटर घेऊन प्रत्येक कुटुंब वेगळ्या ट्यूबमध्ये, आणि जेएच (जड साखळीचा जे तुकडा) बाजूचा प्रायमर थोडा आतला. कप्पा आणि लॅम्डा या हलक्या साखळ्यांसाठीही तेच.

एका पेशीत डीएनए जेमतेम ६ पिकोग्रॅम. त्यामुळे कंट्रोल हाच या कामाचा कणा आहे. दर काही पेशींनंतर त्याच स्लाइडवरचा नुसता बफर उचलून ट्यूबमध्ये घालायचा. तिथे बँड आला तर त्या दिवसाचं सगळं फेकून द्यायचं. शेजारच्या टी पेशीही उचलायच्या, त्यांतून अँटीबॉडीचं पूर्ण जनुक येता कामा नये.

उलट, एखाद्या पेशीतून काहीच आलं नाही तर त्यावरून निष्कर्ष काढू नका. या पेशी सेक्शनच्या जाडीपेक्षा मोठ्या असतात, केंद्रक कापलं जातं आणि हवं ते गुणसूत्र पुढच्या स्लाइडवर राहून जातं. शिवाय खूप म्युटेशन झालेल्या जनुकावर प्रायमर बसतच नाही. टॅकच्या, म्हणजे पीसीआरमध्ये डीएनएची नक्कल करणाऱ्या एन्झाइमच्या, चुका वगळायला नियम सोपा: वेगवेगळ्या पेशींत तोच बदल दिसला तर तो खरा.

वाचन असं करतात. सांधा सगळ्या पेशींत एकच असेल तर क्लोन एक. म्युटेशन नसतील तर पेशी जर्मिनल सेंटरच्या आधीची असण्याची शक्यता जास्त. म्युटेशन सगळीकडे तीच असतील तर ती तिथून गेलेली. पेशीगणिक थोडी वेगळी असतील तर म्युटेशनची प्रक्रिया अजून चालू आहे. हे हॉजकिनच्या नोड्युलर लिम्फोसाइट-प्रिडॉमिनंट या प्रकारात दिसतं.

क्लासिकल हॉजकिन या दुसऱ्या, जास्त आढळणाऱ्या प्रकारात १९९६ साली आणखी चमत्कारिक गोष्ट पुढे आली. काही रुग्णांत चांगल्या चालत्या जनुकात सीएजी या कोडॉनचा टीएजी झाला होता, म्हणजे मध्येच स्टॉप, प्रथिन अर्धवट तुटतं. अशी बी पेशी जर्मिनल सेंटरमध्ये मरायला हवी होती, ती जगली. पण इथे एक गफलत फार होते. बी पेशीत जड साखळीच्या जनुकाच्या दोन प्रती असतात आणि त्यातली एक जोडतानाच फ्रेमबाहेर गेलेली, म्हणजे तीन-तीन बेस वाचायची लय बिघडलेली, असू शकते. अशा मुळातच निकामी प्रतीत स्टॉप सापडला तर त्याला काहीच अर्थ नाही. आधी सांधा फ्रेममध्ये आहे का ते बघा, मगच स्टॉपबद्दल बोला.

आता आरएनए. या पेशींनी अँटीबॉडीचं जनुक वाचणंच बहुतेक बंद केलेलं असतं. ऑक्ट-२ आणि बॉब-१ हे त्यासाठी लागणारे घटक अनेकदा नसतात. जनुक डीएनएत शाबूत, पण एमआरएनए नाही, म्हणून आरएनएवरून व्ही-डी-जे जोडणी वाचणारं किट रिकामं येतं. त्याहून वाईट म्हणजे त्यांच्याभोवती टी पेशी घट्ट चिकटलेल्या असतात. सिंगल-सेल पद्धतीत प्रत्येक पेशी वेगळ्या थेंबात पकडतात; दोघी एकाच थेंबात गेल्या की सीडी-३० बरोबर टी-सेल रिसेप्टर (टी पेशीची ओळख) दिसतो आणि कोणीतरी घाईने टी पेशीचं मूळ जाहीर करतं. खरोखर टी पेशीपासून आलेली थोडी प्रकरणं २००० साली नोंदली गेली आहेत, पण ती डीएनएतल्या रिसेप्टर जनुकाच्या जोडणीवरून. भोवतालच्या पेशींचा अभ्यास करायला आरएनए उत्तम आहे. मूळ ठरवायला सॉर्ट केलेल्या (यंत्राने वेगळ्या काढलेल्या) किंवा लेझरने कापलेल्या पेशींचा डीएनएच घ्या.

तुमच्याकडे फक्त पॅराफिन ब्लॉक असेल तर फॉर्मॅलिनने डीएनएचे तुकडे झालेले असतात, ३०० बेसचं जनुक सहसा पुरं येत नाही. एफआर-३ (व्ही तुकड्याचा सीडीआर-३ च्या लगतचा भाग) पासूनचा १०० ते १५० बेसचा छोटा तुकडा घ्या. त्यातून क्लोन एक आहे की नाही एवढं कळेल, म्युटेशनचा हिशोब मात्र त्यावर मांडू नका.