बाळाची भूल आणि एक जुनी संस्था

प्रश्न : माझ्या अडीच महिन्यांच्या बाळाची हर्नियाची शस्त्रक्रिया ठरली आहे. भुलीचा मेंदूवर परिणाम होतो का? भूलतज्ज्ञांनी ‘इंटरनॅशनल अ‍ॅनेस्थेशिया रिसर्च सोसायटी’चा उल्लेख केला, ही संस्था काय करते?

उत्तर : आईच्या मनात ही शंका येणे अगदी स्वाभाविक आहे. ही संस्था मूळची अमेरिकेतली. ओहायोचे डॉ. फ्रान्सिस मॅकमेकन हे तिचे प्रमुख संस्थापक. संधिवाताने चाकांच्या खुर्चीला खिळलेले असतानाही १९२२ मध्ये सुरू झालेल्या तिच्या नियतकालिकाचे संपादन त्यांनी १९३९ मध्ये मृत्यू येईपर्यंत केले, ही गोष्ट मला आजही हलवून जाते. ते नियतकालिक अजून निघते, आणि संस्था संशोधनाला अर्थसाहाय्य व भूलतज्ज्ञांना शिक्षणही देते.

तुमच्या प्रश्नाशी तिचा थेट संबंध आहे. लहानग्यांच्या मेंदूवरील भुलीचा परिणाम तपासणारा ‘स्मार्टटॉट्स’ हा उपक्रम ती अमेरिकेच्या औषध प्रशासनासोबत चालवते. त्या प्रशासनाने २०१६ मध्ये तीन वर्षांखालील मुलांना तीन तासांहून अधिक किंवा वारंवार भूल देण्याबाबत सावधगिरीची सूचना दिली. मात्र हर्नियाच्याच शस्त्रक्रियेसाठी सुमारे तासाभराची पूर्ण भूल दिलेली तान्ही बाळे आणि केवळ कमरेखालचा भाग बधिर केलेली बाळे यांची पाचव्या वर्षी तुलना केली असता, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत बुद्ध्यंकात फरक आढळला नाही. त्यामुळे या भीतीपोटी शस्त्रक्रिया लांबवू नका. अडकलेला हर्निया बाळाला अधिक धोक्याचा असतो. बाळ अपुऱ्या दिवसांचे असेल, तर ते भूलतज्ज्ञांना आवर्जून सांगा.