फोटो आधी आजींच्या हातात द्या

प्रश्न : ताई, मी आर्णी तालुक्यातल्या एका गावात अंगणवाडी सेविका आहे. वय ३४. दोन-तीन वर्षांपासून मोबाईलवर फोटो काढायचा नाद लागलाय. देखावे वगैरे नाही, आपली रोजची माणसं. बाजारात मिरच्या निवडणाऱ्या बाया, एसटीची वाट बघत बसलेले म्हातारे, डवरण करून परतणारी बैलजोडी. मागच्या महिन्यात शेजारच्या आजी ओसरीत कापूस साफ करत होत्या, तो फोटो स्टेटसला ठेवला. लोकांना फार आवडला. संध्याकाळी त्यांचा मुलगा दारात येऊन भांडला, "काहून वो वहिनी, आमची गरिबी गावाले दाखवून रायल्या का?" आता सासूबाई म्हणतात, बाईमाणसाला हे शोभतं का. मिस्टर म्हणतात, काढायचेच तर लग्नाच्या ऑर्डरी घे, दोन पैसे तरी येतील. नाद सोडून देऊ, की चांगला कॅमेरा घेऊन नीट शिकू?
– एक वाचक

उत्तर : ताई, नाद सोडू नका. पण त्या मुलाचा राग आधी समजून घेऊ, कारण तो उगाच नाही.

आपल्या यवतमाळ जिल्ह्यात बाहेरचा माणूस कॅमेरा घेऊन गावात शिरला की तो कशासाठी आलाय, हे लोकांना पाठ झालंय. कुणाच्या घरी आत्महत्या झाली की गाडी येते. हार घातलेला फोटो हातात देऊन घरच्या बाईला ओट्यावर बसवतात, "जरा इकडे बघा" म्हणतात आणि निघून जातात. तो फोटो कुठे छापून आला, त्या बाईला कळतही नाही. इतकी वर्षं हे बघितलेल्या गावात आपल्या आईचा घरच्या लुगड्यातला फोटो सगळ्यांच्या मोबाईलवर फिरताना दिसला, तर मुलाला तो चांगला वाटेल कसा? तुमच्या मनात तसं काही नव्हतं, हे तुमच्या पत्रावरून मला कळतं. त्याला कळायला मार्ग नव्हता.

रस्त्यावरच्या फोटोग्राफीचे जे धडे मोबाईलवर बघायला मिळतात, ते बहुतेक शहरातले असतात. गर्दीत मिसळा, पटकन टिपा, पुढे सरका. दादर स्टेशनाबाहेर हे चालून जातं. तुमच्या गावात तुम्ही कुणाची वहिनी, कुणाच्या लेकराच्या अंगणवाडीच्या बाई. तुम्हाला गुपचूप टिपून निघून जाता यायचं नाही, आणि मी म्हणते, तेच बरं आहे. बाहेरून आलेल्याला आजींच्या जागी फक्त एक थकलेली म्हातारी दिसेल. तुम्हाला त्यांचं सगळं माहीत असणार. सीतादहीच्या, म्हणजे कापूस वेचणी सुरू करतानाच्या पूजेच्या दिवशी दहीभाताचा नैवेद्य घेऊन वावरात कोण पुढे असतं, वेचणीचा कापूस मोजताना काट्याच्या आकड्यावरून मालकाशी कोण भांडतं. मजुरी किलोवर मिळते, तेव्हा त्या आकड्याकडे बघणारे डोळे काय असतात! कमरेला ओटी, बोंडांनी ओरखडलेली बोटं आणि ती नजर. असा फोटो निघाला तर 'आमची गरिबी दाखवली' असं म्हणायची कुणाची छाती होणार नाही.

आता लगेच करायचं ते. ओसरीतला फोटो तालुक्याच्या स्टुडिओतून छापून आणा आणि मुलगा घरी असताना आजींना नेऊन द्या. माफी मागायची ती न विचारता स्टेटसला ठेवल्याची, फोटो काढल्याची नको. आजी म्हणाल्या "फेकून दे", तर त्यांच्यासमोर मोबाईलमधून काढून टाका. पण माझा अंदाज, त्या म्हणतील, "माय, सांगतलं असतं तं चांगलं लुगडं नेसली असती." मग चांगल्या लुगड्यातला एक काढून द्या, तुम्हाला तो कितीही ताठ वाटला तरी.

इथून पुढे, ज्याचा चेहरा ओळखू येतो त्याला आधी दाखवायचं, होय म्हटलं तरच स्टेटस. बाजारात हे वाटतं तेवढं अवघड नाही. आठवडी बाजारात मिरचीवाली पुढच्या आठवड्यालाही बहुतेक त्याच जागी बसते, छापलेला फोटो तिला तिथेच देता येतो. एकदा दिलात की शेजारची भाजीवाली स्वतःहून बोलावते. अंगणवाडीतल्या लेकरांचे फोटो मात्र कामापुरतेच, तुमच्या संग्रहात अजिबात नकोत. आणि कामासाठी मिळालेला मोबाईल नादासाठी वापरू नका.

'यात काय मोठं' असं म्हणणाऱ्यांना बडोद्याच्या ज्योती भट्टांचं नाव सांगा. मूळचे चित्रकार. १९६० च्या दशकाच्या शेवटापासून ते गावोगाव हिंडून घरांच्या भिंतींवरची चित्रं, रांगोळ्या, गोंदणं टिपत राहिले. मातीच्या भिंती पडल्या, सिमेंटची घरं आली, कितीतरी ठिकाणी आता फोटोच उरलाय. २०१९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आपल्याकडची यवतमाळ-मूर्तिजापूर 'शकुंतला' रेल्वेगाडी घ्या. १९९४ पर्यंत वाफेच्या इंजिनावर धावायची. तिचे फोटो शोधायला बसले की मला इंजिनच जास्त सापडतं. डब्यात टोपल्या घेऊन बसलेल्या बाया बघायच्या असतात, त्या क्वचित हाती लागतात.

सासूबाईंपासून लपवू नका, त्यांना बाजारात सोबत न्या. कोण कुणाची लेक, कुणाच्या घरी अजून तिफण आहे, हे त्यांच्याइतकं तुम्हाला ठाऊक नसेल. त्या सांगतील ते नाव, गाव, तारखेसकट वहीत लिहा. सुनेचे चाळे म्हणणारी सासू चार बाजारांनंतर "तिचा काढला का वो?" असं विचारायला लागते, हे मी पाहिलंय. मिस्टरांना सांगा, पैशाची गरज असेल तर लग्नं घेईन, पण बाजाराचा दिवस माझा.

कॅमेरा आत्ता नको. आहे त्या मोबाईलवर अजून बरंच करता येतं. काच पदराने पुसा, चेहरा गुळगुळीत करणारं ब्युटी मोड बंद करा, झूम न करता दोन पावलं पुढे जा. उन्हाळ्यात सकाळी लवकर नाहीतर ऊन कलल्यावर काढा, मधल्या वेळी डोळ्यांखाली काळे खड्डे येतात. बाजारातल्या निळ्या पालाखाली चेहरे निळे पडतात. तिथे माणसाला पालाच्या कडेशी, उघड्या उजेडाकडे तोंड करून बसलेलं असताना टिपा, किंवा फोटो कृष्णधवल करा. स्टुडिओला व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर फोटो दाबला जातो आणि छापल्यावर फिस्कटतो. महिन्यातून एकदा सगळं पेनड्राइव्हवर उतरवून ठेवा.

एवढं करून वर्षभराने मोबाईल अपुरा पडतोय असं वाटलं, तर कापसाचे पैसे हातात आल्यावर मला परत लिहा, कॅमेऱ्याचं तेव्हा बघू. आणि आजी काय म्हणाल्या ते त्याच्या आधी कळवा.