बालगृहाच्या फाईलींतल्या ‘दाखल होण्याचे कारण’ या रकान्यावरून मुलं संस्थेत का येतात हे सांगता येईल का?

तुम्ही एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीच्या) लघुप्रबंधासाठी विचारताय की एका बालगृहातल्या शंभर फाईली घेऊन, त्यांतली कारणं मोजून निष्कर्ष काढला तर चालेल का. माझ्या मते नाही चालणार. बालगृहातली कार्यकर्ती म्हणून तो रकाना मी एकोणीस वर्षं भरलाय. त्यात काय उतरतं हे बरंचसं पेन कोणाच्या हातात आहे यावर ठरतं. तुम्ही शंभर मुलांचा अभ्यास केला असं म्हणाल आणि प्रत्यक्षात आमच्यासारख्या चार-पाच कार्यकर्त्यांच्या लिहिण्याच्या सवयींचा अभ्यास झालेला असेल.

२००९ सालचा माझाच एक अहवाल सांगते. सोलापूरच्या पूर्व भागातली विडी वळणारी बाई. घरात तेलुगू, आमच्याशी मराठी. नवरा यंत्रमागावर होता, तो वारला. मुलगा आठ वर्षांचा, मुलगी पाचची. भाडं थकलं म्हणून मालकाने खोली रिकामी करून घेतली. ती भावाकडे गेली, तर भावजय म्हणाली तू राहा, पोरं नकोत. आमच्या संस्थेत ती स्वतःच्या पायांनी आली. कोणी मुलं उचलून आणली नव्हती. “ताई, खोली होईपर्यंत ठेवून घ्या,” एवढंच तिचं मागणं होतं.

मी गृहचौकशीला गेले, अर्ध्या तासात उरकली. ती भावाच्या ओट्यावर मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होती, दोन्ही पोरं बाजूला. कार्यालयात येऊन मी लिहिलं: ‘वडील मयत. आर्थिक परिस्थिती अत्यंत हलाखीची. घरी मुलांकडे लक्ष देण्यास कोणी नाही. आई पालनपोषण करण्यास असमर्थ. सबब संस्थेत प्रवेश मिळावा.’ ही सगळी ठरलेली वाक्यं होती. आधीच्या अहवालांतून उतरवायची आणि नावं बदलायची. लक्ष द्यायला कोणी नाही हे तर धडधडीत खोटं होतं, ती दिवसभर घरातच बसून काम करत होती. आणि खोली हा शब्द माझ्या अहवालात एकदाही नाही.

बालसंगोपन योजना तेव्हा होती. २००५ पासूनची. मूल घरातच, आईजवळ किंवा नातेवाइकांजवळ राहतं आणि शासन महिन्याला पैसे देतं. तेव्हा मुलामागे ४२५ रुपये. दोघांचे साडेआठशे. त्या वस्तीत पत्र्याची खोली त्याहून स्वस्त मिळत होती हे मला माहीत होतं, कारण चौकशीच्या दिवशीच मी विचारलं होतं. बालगृहाच्या अधीक्षकांना म्हटलं, सर, हा प्रस्ताव बालसंगोपनात टाकू या. ते म्हणाले, साडेआठशेत काय होतंय, इथे दोन वेळ जेवतील, शाळा शिकतील, तिथे काय विड्या वळायला शिकतील? त्यांचा पटही भरायचा होता. बालगृहाला मुलांच्या सांभाळासाठीचं सरकारी परिपोषण अनुदान डोक्यामागे मिळतं. मूल आईजवळ राहिलं तर संस्थेच्या वाट्याला महिन्याला ७५ रुपये. मी वाद घातला, बराच घातला, आणि सही केली.

मूल कुठे राहील हे ठरवणाऱ्या बाल कल्याण समितीसमोर पाच मिनिटांत आदेश झाला. आमचं बालगृह मुलांचं होतं, म्हणून मुलगा आमच्याकडे राहिला आणि मुलीला दुसऱ्या जिल्ह्यातल्या मुलींच्या बालगृहात पाठवलं. आई पहिल्या वर्षी दर महिन्याला दोन्हीकडे जायची. मुलीला भेटायला एसटीचं भाडं आणि वर त्या दिवसाची मजुरी बुडायची. दुसऱ्या वर्षी मुलीकडच्या तिच्या फेऱ्या वर्षभरात दोनवर आल्या. तेव्हा त्या संस्थेच्या फाईलीत ओळ आली: ‘पालक भेटीस येत नाहीत.’ त्या ओळीच्या आधारे मुक्काम वाढवला गेला. खोली तिने केव्हाच घेतली होती, पण ते आम्हाला कोणी विचारलं नाही आणि आम्ही तिला विचारलं नाही.

तिसऱ्या वर्षी ती आदेशाची प्रत घेऊन आली. शेजारच्या कॉलेजात जाणाऱ्या पोराकडून तिने ती वाचून घेतली होती. म्हणाली, “ताई, मी खोली नाही म्हणाले होते. असमर्थ कुठे म्हणाले होते?” तो शब्द तिने जसाच्या तसा पाठ केला होता.

मुलं घरी जायला त्यानंतर सहा महिने लागले. मुलगी नववं ओलांडत होती. तेलुगू पार विसरलेली. बालगृहात काळजीवाहिकांना मावशी म्हणतात, ती आईलाही मावशीच म्हणायची. पाठपुराव्याला मी वर्षभर जात होते, वर्षभर मावशीच ऐकलं.

आता तुमच्या प्रश्नाकडे. २०१८ मध्ये देशातल्या बालसंस्थांच्या पाहणीचा मोठा अहवाल आला, साडेनऊ हजारांवर संस्थांचा. त्यात अनाथ मुलं चाळीस हजारांच्या घरात आणि आई किंवा बाप एकटाच असलेली मुलं सव्वा लाखाच्या जवळपास. म्हणजे आपल्याकडच्या संस्था मुख्यतः अनाथांसाठी आहेत हा समज आकड्यांनी खोटा ठरलाय. तरी तुम्ही कुठल्याही सोहळ्याला जा, व्यासपीठावर ‘अनाथांचा आधार’ असाच फलक असतो.

दुसरं, एमआयटीच्या जोसेफ डॉइल यांचा २००७ चा शोधनिबंध वाचाच. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात प्रकरणं चौकशी अधिकाऱ्यांना साधारण पाळीने वाटली जात. काही अधिकारी मूल पटकन काढून घेत, काही घरी ठेवायला बघत. त्यामुळे सारख्याच परिस्थितीतली मुलं निव्वळ दारात कोण आलं यावरून वेगवेगळ्या वाटांना लागली. डॉइल यांनी त्यांची पुढची वर्षं तपासली, तर काठावरच्या प्रकरणांत, म्हणजे मूल काढावं की ठेवावं यावर दोन अधिकाऱ्यांचं मत वेगळं पडलं असतं अशा प्रकरणांत, घरीच राहिलेल्या मुलांचं, विशेषतः मोठ्या मुलांचं, बरं चाललेलं दिसलं. गुन्ह्यांत सापडण्याचं प्रमाण कमी, कमाई जास्त. मी हा निबंध पहिल्यांदा वाचला तेव्हा मला तो ओटा आठवला. दारात आलेला माणूस म्हणून मला कोणी तपासलंच नव्हतं.

तेव्हा फाईलींवर अभ्यास करणारच असाल तर प्रत्येक अहवालाखाली सही कोणाची आहे तोही एक स्तंभ घ्या. एकाच कार्यकर्त्याच्या वीस अहवालांत ‘हलाखीची’ वीसदा आलं तर ती मुलांबद्दलची माहिती मानू नका. आणि जी मुलं समितीसमोर येऊनही दाखल झाली नाहीत, ती कुठे गेली हे शोधा. त्यांच्याशिवाय तुलनाच होत नाही. समितीची लेखी परवानगी लागेल, आणि बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे मुलाची ओळख कुठेही उघड होता कामा नये. हे तुमच्या मार्गदर्शकांनी सांगितलंच असेल.

गरिबी हे एकमेव कारण मूल घरातून काढायला कधीच पुरेसं नाही, असं संयुक्त राष्ट्रांच्या २००९ च्या मार्गदर्शक तत्त्वांत लिहिलंय. आपल्या २०१५ च्या बाल न्याय कायद्यातही संस्था हा शेवटचा उपाय म्हटलाय. आज बालसंगोपनाला सावित्रीबाईंचं नाव आहे आणि रक्कम २,२५० झाली आहे. केंद्राच्या मिशन वात्सल्य या बालसंरक्षण योजनेत प्रायोजकत्वाचे, म्हणजे मूल घरीच सांभाळण्यासाठीच्या मदतीचे, महिन्याला ४,००० आहेत. आज कोणी कार्यकर्ता ‘आई असमर्थ’ लिहीत असेल तर पैशाची सबब त्याच्याकडे उरलेली नाही.

हे सगळं वाचून बालगृहं बंद करा असं मी म्हणतेय, असा अर्थ काढू नका. रात्री दोन वाजता पोलिसांबरोबर जाऊन मी बापाच्या तावडीतून मुली बाहेर काढल्यात, त्यांना घरी ठेवणं हा गुन्हा झाला असता. डॉइल यांचा निष्कर्षही फक्त काठावरच्या मुलांपुरता आहे. अमेरिकेतल्याच मिशिगन राज्यात याच पद्धतीने केलेल्या २०२२ च्या अभ्यासात तर उलटं दिसलं, बाहेर काढलेल्या मुलांची शाळेतली हजेरी आणि गणित सुधारलं. मात्र तिथे मुलं कुटुंबांत ठेवली होती आणि बहुतेक वर्ष-दोन वर्षांत आईबापांकडे परतली. मुक्काम किती लांबला आणि कोणामुळे, हे म्हणून मोजायला हवं. अगदी लहान बाळांच्या बाबतीत रुमानियातल्या बुखारेस्टचा १३६ मुलांवरचा प्रयोग आहे. संस्थेतून दोन वर्षांच्या आत कुटुंबात गेलेली बाळं जास्त सावरली. आमची मुलगी पाच वर्षांची होती, तो निष्कर्ष तिला जसाच्या तसा लावता येत नाही हे मला कळतं.

प्रत्येक बालगृहात भेटींची नोंदवही असते, ती मागून घ्या. आई कुठून येते, भाडं किती, पहिल्या सहा महिन्यांत किती फेऱ्या आणि नंतर किती, एवढं आधी काढा. ‘पालक भेटीस येत नाहीत’ ही ओळ त्या नोंदींशेजारी ठेवून वाचा.

ते अधीक्षक आता निवृत्त आहेत. भेटले की सांगतात, बघा, तो मुलगा आयटीआय करून चाकणला लागला, आपण घडवला. मुलगा खरंच चांगला आहे, मला दिवाळीला फोन करतो. मुलीबद्दल त्यांनी आजवर एकदाही विचारलेलं नाही. तुमच्या तोंडी परीक्षेला परीक्षक म्हणून असे कोणी बसले, तर बहिणीचं काय झालं हे त्यांना तुम्ही विचारा.